सात नंबरचं बदलीचं तिकीट

सोमवार, ३ मार्च

ताई,

पाकिटावर माझं अक्षर दिसलं तर तू ते न फोडताच टाकून देशील, या भीतीने पत्ता तुझ्या वहिनीकडून लिहून घेतलाय. "ही शुद्ध फसवणूक आहे," म्हणून तिने आधी नाक मुरडलं, मग सुवाच्य अक्षरात लिहूनही दिला. तेव्हा रागवायचंच असेल तर थोडा राग तिच्यासाठीही राखून ठेव.

सतरा वर्षांनी लिहितोय. तब्येतीची चौकशी करत नाही, तुझ्या लेकीचे फोन वहिनीला येत असतात. औषधांचं दुकान तू लेकीच्या हाती दिलंस आणि तरी रोज सकाळी तिच्याआधी जाऊन शटर उघडतेस, हे कळलं. ऐकून बरं वाटलं. माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान जिथल्या तिथे आहे. हल्ली घड्याळं कमी येतात, गप्पा मारायला माणसं जास्त येतात.

आता कामाचं. आपलं जुनं ट्राम आगार, ज्याच्या भिंतीवरून उडी मारताना माझी चड्डी फाटली आणि तू ती बातमी शाळाभर पोचवलीस, तिथे आता संग्रहालय होतंय. आणि त्यातली एक अख्खी खोली आपल्या तिकीट मंडळाला मिळाली आहे! चारही भिंतींवर काचेच्या चौकटी आणि त्यांत आपली तिकिटं. लोकांनी उतरता उतरता फेकलेली, शेवटच्या थांब्यावर आपण दोघांनी गुडघ्यांवर रांगत वेचलेली, काहींवर तर अजून कुणाच्या बुटाचा ठसा आहे. पोस्टाची तिकिटं जमवणारी मंडळी आपल्याला कचरावाले म्हणायची, आठवतं? त्यांना अजून खोली मिळालेली नाही. मी मुद्दाम चौकशी केली.

प्रत्येक तिकिटाखाली एक छोटी पाटी लावायची आहे. कुठल्या मार्गाचं, कधीचं, कुणाला सापडलं. चिटणीस या नात्याने ते काम माझ्याकडे आहे. 'कुणाला सापडलं' या ओळीत तुझं नाव लिहून लिहून माझी बोटं दुखली. नजर तुझीच तीक्ष्ण, हे मी कधी नाकारलेलं नाही. निदान मनातल्या मनात तरी नाही.

अडचण एकाच चौकटीची आहे. सात नंबरची ट्राम. नदीवरच्या नव्या पुलावरून ती फक्त अकरा दिवस धावली, मग पुलाला तडा गेला आणि मार्गच बंद झाला. संग्रहालयाच्या बाई हुशार आहेत, कानामागे कायम पेन्सिल असते. त्या म्हणतात, मार्ग आखला होता हे कागदोपत्री दिसतं, पण गाडी खरोखर धावली याचा पुरावा कुठाय? तो मिळाला नाही तर भिंतीवरच्या मोठ्या नकाशातून सात नंबर पुसणार.

पुरावा एकच होता. तुला त्या मधमाश्या पाळण्याच्या जुन्या पुस्तकात, खुणेसाठी घातलेलं सापडलं होतं ते बदलीचं तिकीट. मी काल बाईंना समजावत होतो, की बदलीचं तिकीट म्हणजे एका गाडीतून उतरून दुसरीत चढायची परवानगी, आणि दुसऱ्या गाडीत चढल्यावर ते कंडक्टरला देऊन टाकावं लागे. म्हणून आपल्या हाती पडतं ते नेहमी अशा माणसाचं, ज्याने पुढची गाडी पकडलीच नाही. अकरा दिवसांत सात नंबरवर असा एकच जण निघाला, आणि तो मधमाश्यांचं पुस्तक वाचत होता. बाई खूप हसल्या. पण म्हणाल्या, "कागद दाखवा."

ते हरवलं हे तुला माहीत आहेच. त्यावरून जे झालं तेही. विचारायचं एवढंच होतं, की तुझ्याकडून ते कुठे ठेवलं गेलं असेल, काही सुचतं का?

तुझा भाऊ

मंगळवार, ११ मार्च

ताई,

मागच्या पत्राची शेवटची ओळ खोटी आहे. तिकीट तू कुठेही ठेवलं नव्हतंस. ते माझ्याकडे आहे. सतरा वर्षं माझ्याकडेच आहे.

एवढं लिहायला चार कागद खर्ची पडले. एकात मी लिहिलं होतं, की तुला खूश करायचं म्हणून ते स्वच्छ करायला घेतलं. तो कागद फाडला. खरं असं आहे, की तू म्हणालीस, "ठोंब्या, मी अर्ध्या तासात येते, याला हात लावू नकोस." तू तसं म्हणाली नसतीस तर मी बहुतेक पेपर वाचत बसलो असतो.

तिकिटाच्या पाठीला पुस्तकाच्या बांधणीचा पिवळट गोंद लागला होता. पोस्टाच्या तिकिटांचा गोंद कोमट पाण्यात सुटतो, तसा याचाही सुटेल, असं मला वाटलं. वहिनीची पांढरी बशी घेतली, पाणी ओतलं, तिकीट अलगद सोडलं. गोंद सुटला. पण आपल्या ट्रामचा शिक्का छापील नव्हता, कंडक्टर तो हाताने मारायचा, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मार्गाचा आकडा, तारीख, वेळ, सगळं माझ्या डोळ्यांसमोर जांभळं होऊन पाण्यात मिसळलं. छापलेली अक्षरं जागच्या जागी आणि शिक्क्याच्या ठिकाणी कोरा कागद.

तू परत येऊन विचारलंस. मी म्हणालो, "मला काय माहीत? तूच कुठेतरी ठेवलं असशील." एवढ्यावर थांबलो असतो तरी एक वेळ चाललं असतं. पण पुढच्या बैठकीत अख्ख्या मंडळासमोर, मोठ्या आवाजात म्हणालो, की ताईच्या हाती दुर्मिळ वस्तू देणं धोक्याचं आहे. चिटणीस तू होतीस. एक शब्द न बोलता तू कपाटाच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्यास आणि गेलीस. दोन महिन्यांत बिऱ्हाडही हलवलंस. चिटणीस मी झालो. सांगायला लाज वाटते, काम बरं करतो.

तिकीट मी एका भिंतीवरच्या घड्याळाच्या पोटात लपवलं. त्याचा मालक ते न्यायला कधी आलाच नाही. दुकानात रोज त्याच्याकडे पाठ करून बसतो.

आता हे सगळं आजच का, ते ऐक. आपले कंडक्टरकाका आठवतात ना? सात नंबरवर ज्यांना पहिली नोकरी लागली ते? अठ्ठ्याऐंशीचे झालेत, काठी घेतात, पण डोकं लख्ख आहे. शनिवारी सकाळी दुकानात आले आणि स्टुलावर बसून राहिले. मग म्हणाले, "त्या बाईंनी विचारलं मला, काका, दुसऱ्या एखाद्या मार्गाशी घोटाळा तर होत नाही ना तुमचा? चांगल्या शब्दांत विचारलं हो. पण माझं डोकं फिरलंय असं वाटतंय त्यांना." थोड्या वेळाने म्हणाले, "अकराच दिवस होते रे. पण माझे होते."

मला राहवेना. उठलो, घड्याळ उघडलं, तिकीट काढून त्यांच्या पुढ्यात ठेवलं. म्हटलं, "काका, हे तेच. मी धुतलं, शिक्का गेला." आता काठी डोक्यात बसते, म्हणून मी मान खाली घातली होती. पण काकांनी शिक्क्याच्या जागेकडे पाहिलंसुद्धा नाही. तिकीट उजेडात धरलं, त्यावरच्या भोकाला डोळा लावला आणि हसायला लागले. इतके हसले, की समोरच्या दुकानातला न्हावी बाहेर आला आणि त्याच्यामागून अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईकही.

"गाढवा," काका म्हणाले, "शिक्का हवाय कुणाला? हे भोक बघ!"

ताई, आपण दोघं स्वतःला मोठे जाणकार समजायचो आणि एवढी साधी गोष्ट आपल्या लक्षात आली नाही. प्रत्येक कंडक्टरच्या पंचाने पडणाऱ्या भोकाचा आकार निराळा असे, कुणी तिकीट पंच केलं ते तपासनिसाला कळावं म्हणून. काकांचा अर्धचंद्र. आणि त्या अर्धचंद्राचं खालचं टोक तुटलेलं, कारण नोकरीच्या तिसऱ्याच दिवशी काकांनी त्या पंचाने स्वतःच्या कमरेच्या पट्ट्याला भोक पाडलं होतं! पंच त्यांनी अजून जपून ठेवलाय. तसेच घरी गेले, घेऊन आले, मी पुठ्ठ्याचा तुकडा दिला, त्यावर दाबला. तिकीट वर ठेवून भिंगातून पाहिलं. तंतोतंत.

काल आम्ही दोघे संग्रहालयात गेलो. बाईंकडे आगाराची जुनी वही आहे, कुणाला कुठला पंच दिला त्याची. त्यात चक्क लिहिलंय, 'अर्धचंद्र, फक्त सात नंबरसाठी. परत आला नाही.' पंच दिला म्हणजे गाडी धावली असं होत नाही, म्हणून बाई अडून बसल्या होत्या. पण आता त्या पंचाने भोक पाडलेलं तिकीट समोर होतं. त्यांनी कानामागची पेन्सिल काढली आणि नकाशावर सात नंबरची रेघ ठळक केली. काका त्या रेघेवरून बोट फिरवत राहिले. मग बाई म्हणाल्या, "काका, हा पंच मात्र आगाराची मालमत्ता आहे हं." काका म्हणाले, "पासष्ट वर्षांनी आठवण झाली होय?" आणि पंच खिशात घालून चालू लागले.

परतताना एकच विचार मनात घोळत होता. त्याच दिवशी तुला खरं सांगितलं असतं, तर तू काकांना दाखवलं असतंस, आणि त्याच आठवड्यात हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. मी काहीच गमावलं नव्हतं. तुला मात्र गमावून बसलो.

माझं चुकलं, ताई. मी खोटं बोललो आणि माझं पाप तुझ्या माथी मारलं.

उद्घाटन एकोणीस एप्रिलला, शनिवारी आहे. ये म्हणायचा मला हक्क नाही. तरी म्हणतो, ये.

ठोंब्या

सोमवार, २४ मार्च

ताई,

तुझं कार्ड आलं! पोस्टमनने दुकानाच्या पायरीवरूनच मोठ्याने वाचून दाखवलं, त्यामुळे न्हाव्यालाही माहीत झालंय. "बशी पाहिली होती मी. मंडळात सांगितलंस का?" मोजून सात शब्द. दुसरा कुणी असता तर हिरमुसला असता, मी दोन दिवस ते कार्ड खिशात घेऊन हिंडतोय. सतरा वर्षांत काही नाही आणि एकदम सात! अक्षर अगदी तसंच आहे, वेलांट्यासुद्धा रागावलेल्या.

पहिल्या वाक्याने मात्र मी गार पडलो. घरी जाऊन वहिनीला विचारलं. ती म्हणाली, "हो, त्या बशीला जांभळी कड बसली होती. सोड्याने घासली, राखेने घासली, जाईना. शेवटी मांजराला दिली. आणि तुमच्या ताईंनी त्या संध्याकाळी ओट्यावरून ती उचलून चांगली उजेडात धरून पाहिली होती. मला वाटलं, मी भांडी नीट घासत नाही असं त्यांना दाखवायचंय." म्हणजे बघ, तुझी वहिनीही सतरा वर्षं तुझ्यावर थोडी फुगून होती, आणि मला पत्ताच नाही. परवा खरं कळल्यावर ती आधी तुझ्यावर खूश झाली आणि मग माझ्याशी बोलेनाशी झाली. अजून बोलत नाही. हे पत्र ती बघणार आहे, म्हणून लिहितो, की तिची भांडी नेहमीच लख्ख असतात.

म्हणजे बैठकीच्या दिवशी तुला सगळं ठाऊक होतं. मी तिथे छाती काढून बोलत होतो आणि तू ऐकत होतीस. एका वाक्यात तू मला जमीनदोस्त करू शकली असतीस. माझ्या तोंडाकडे तू तेव्हा का बघत होतीस, ते मला आज कळतंय. मी स्वतःहून बोलेन म्हणून थांबली होतीस ना? आणि मी बोललो नाही, म्हणून गेलीस. तिकिटासाठी नाहीच. मला वाटायचं, तुझ्या नाकावर राग आहे, आरोप सहन झाला नाही. ताई, मला रडू आलं. दुकान उघडं होतं, गिऱ्हाईक समोर होतं, तरी आलं.

तुझ्या दुसऱ्या वाक्याचं उत्तर : नाही, अजून सांगितलेलं नाही. पाच एप्रिलला बैठक आहे. त्या दिवशी ज्या आवाजात बोललो होतो, त्याच आवाजात सांगेन. खरं तर त्याहून मोठ्या, कारण आपले अध्यक्ष, ते दातांचे डॉक्टर, त्यांना आता कमी ऐकू येतं.

ठोंब्या

रविवार, ६ एप्रिल

ताई,

सांगितलं.

तीच खोली, तेच लांब टेबल. सात खुर्च्या भरलेल्या होत्या. 'इतर विषय' येईपर्यंत थांबायचं ठरवलं होतं, पण मागचं इतिवृत्त वाचता वाचताच मी वही मिटली. उभा राहिलो आणि सगळं बोलून टाकलं. बशी, कोमट पाणी, घड्याळ, तुझ्यावर केलेला आरोप. एकही शब्द गाळला नाही.

अध्यक्षांनी घसा खाकरला. मला वाटलं, झालं, आता हकालपट्टी. तर म्हणाले, "चार नंबरच्या जोडतिकिटांची ती अख्खी पट्टी होती ना माझ्याकडे? वाळवीने खाल्ली म्हणून सांगितलं होतं. वाळवी कसली! सुरकुत्या जाव्यात म्हणून मी इस्त्री फिरवली. करपली."

सगळे त्यांच्याकडे बघतायत तोवर नकाशेवाल्या बाईंनी हात वर केला. ज्यांनी जन्मभर नकाशे काढले, ज्यांच्या हाताचं आपण कौतुक करायचो, त्या बाईंनी पन्नास तिकिटं चिकटपट्टीने चिकटवली होती आणि तपकिरी पडल्यावर दमट हवेला दोष दिला होता. मग बेकरीवाले म्हणाले, की त्यांचं चोरीला गेलेलं तिकीट चोरीला गेलंच नव्हतं. ते सदऱ्याच्या खिशात राहिलं आणि सदरा धुवायला गेला. दर कबुलीगणिक हशा वाढत गेला. कंडक्टरकाका तर डोळे पुसत म्हणाले, "आम्ही मरमर करून तिकिटं फाडली आणि तुम्ही लोकांनी त्यांची धुलाई, इस्त्री, सगळं केलंत!" बैठक संपेपर्यंत मंडळात एकही सभ्य माणूस शिल्लक उरला नव्हता.

आणि मग अध्यक्ष गंभीर झाले. माझ्याकडे बघून म्हणाले, "पण आम्ही वाळवीचं नाव घेतलं, हवेचं घेतलं, चोराचं घेतलं. बहिणीचं नाही घेतलं." त्यांचं बरोबरच होतं, आणि हे मला कुणीतरी सतरा वर्षांपूर्वी तोंडावर सांगायला हवं होतं.

मी किल्ल्या टेबलावर ठेवल्या. मंडळाने ठराव केला, की तू हो किंवा नाही म्हणेपर्यंत चिटणिसाची जागा रिकामी राहील. अनुमोदन द्यायला सहाही हात एकदम वर गेले. इतिवृत्तात हे सगळं कुणी लिहायचं यावरून थोडी पंचाईत झाली, शेवटी मीच लिहिलं.

सात नंबरच्या पाटीचंही ठरलं. संग्रहालयाच्या बाईंना नुसतं 'कुणाला सापडलं' पुरेना. वस्तूचं पुढे काय झालं तेही लिहिलंच पाहिजे, असा त्यांचा नियम आहे. म्हणून तुझ्या नावाखाली एक जादा ओळ येणार, 'धाकट्या भावाने धुतलं.' काचेमागे, कायमची. वहिनी आता माझ्याशी बोलायला लागली आहे. पहिलं वाक्य हेच बोलली, की लग्नानंतर पहिल्यांदा तुमच्या कामाची योग्य दखल घेतली गेली.

ताई, तू संग्रहालयासाठी येऊ नकोस, सात नंबरसाठीही नको. ते दोन्ही तुझ्यावाचून पार पडेल. माझं मात्र अडतं. गेल्या सतरा वर्षांत चांगलं तिकीट हाती लागलं, की पहिल्यांदा तोंडातून निघतं, "ताई, हे बघ!" मग मी ते वहिनीला दाखवतो. ती म्हणते, "आधी हात धुवा."

ठोंब्या

शनिवार, १९ एप्रिल, सकाळी सात
(दाराला लावलेली चिठ्ठी)

ताई,

"शनिवारी सकाळी पोचते. पुढचं बघू," एवढंच लिहिलंस, गाडी कुठली ते लिहायला तुझा हात दुखत होता का? सकाळच्या तीन गाड्या आहेत. मी पहिलीपासूनच स्टेशनवर थांबतोय. वहिनी खुर्च्या मांडायला संग्रहालयात गेली आहे. चुकामूक झालीच तर किल्ली शेजारच्या शिंपीणबाईंकडे आहे. त्यांना तुझ्याबद्दल सांगून ठेवलंय, जरा जास्तच सांगितलंय. न्याहारी झाकून ठेवली आहे, पुढच्या खोलीतली खाट तुझी. मी बारापर्यंत स्टेशनवर आहे. बारानंतरही आहे.

ठोंब्या

(त्याच कागदावर, खाली, ताईच्या अक्षरात)

ठोंब्या,

पहिल्याच गाडीने आले. तू फाटकाशी टाचा उंचावून एकेका डब्यात डोकावत होतास आणि मी बॅग घेऊन बरोबर तुझ्या मागे उभी होते. केस किती गेले रे तुझे! हाक मारायला तोंड उघडलं तर आवाजच फुटेना. भर स्टेशनात रडण्याची मला हौस नाही, म्हणून गुपचूप चालत घरी आले. शिंपीणबाईंनी किल्ली देण्याआधी पाऊण तास मला माझीच हकीकत ऐकवली.

कडी लावलेली नाही, सरळ आत ये. आवाज आता चांगला फुटतोय. सतरा वर्षांचं बोलायचं आहे. आधी शिव्या.